आखूड नळी, लांब नळी

शस्त्रांच्या दुकानात माल महिनोन्महिने जागचा हलत नाही, किस्से मात्र रोज साठतात. जळगावातलं आमचं दुकान वडिलांपासूनचं. परवानेवाला माणूस आला की हटकून दोनच रिव्हॉल्व्हर मागतो. दोन्ही बत्तीस बोअरच्या, मध्यम आकाराच्या. एक आखूड नळीची, कमरेला सहज बसणारी. दुसरी लांब नळीची, जरा जड, पण नेम धरताना हात कमी हलतो. एवढ्या फरकासाठी लोक चपला झिजवतात. मला वाटतं, ते रिव्हॉल्व्हर तोलत नसतात, स्वतःची भीती तोलत असतात.

*

मेहरूणचे एक कॉन्ट्रॅक्टर आखूड नळीची कमरेला लावून आरशासमोर उभे राहिले. वरून शर्ट सोडला, पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं.

"काहीच दिसत नाही हो."

"दिसू नये म्हणूनच ती आखूड, साहेब."

"मग काय उपयोग?" म्हणाले, आणि लांब नळीची घेऊन गेले.

*

शिरपूरचे एक कापसाचे व्यापारी बायकोला घेऊन आले. मी नियम समजावले. हत्यार कुलपात ठेवायचं, गोळ्या वेगळ्या, दुसऱ्या कपाटात.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "चोर उना ते त्याले काय सांगसू? बस भाऊ, चाबी सापडू दे?"

त्यांनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. पुढच्या वेळी भेटले तेव्हा घरी कुत्रा आणल्याचं सांगत होते.

*

धुळ्याचे एक पुढारी निवडणुकीत जिवाला धोका आहे म्हणून दर आठवड्याला येऊन दोन्ही हाताळून बघायचे. अखेर आखूड ठरली. घेतली आणि लगेच आचारसंहिता लागली. सगळ्यांबरोबर त्यांचंही हत्यार पोलीस ठाण्यात जमा.

निकाल लागल्यावर ती परत मिळाली. दुकानावरून जाताना डोकावले तेव्हा मी विचारलं, आता बरं वाटतं ना?

"आता कशाची भीती? मी पडलो ना," म्हणाले.

*

असोद्याचे नाना मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. केळीची बाग, मुक्काम मळ्यावर, म्हणून परवाना मिळाला होता. पण चोराचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी, आबांशी, भांडण झालं होतं. फावडं उगारण्यापर्यंत गेलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. नाना यायचे, दोन्ही हातात घेऊन बघायचे आणि एकच विचारायचे, "जवळून कोनती बरी?"

मी म्हणायचो, नाना, घाई करू नका.

*

मग एका दुपारी स्वतः आबाच आले. परवाना त्यांच्याकडेही होता. त्याच दोन रिव्हॉल्व्हर मागितल्या. लांब नळीची उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"नानानं कोनती घेतली?"

"अजून कुठलीच नाही."

त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. "मंग मले बी घाई नही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एकाने घेतली की दुसरा घेणार, हे उघड होतं.

*

परवान्यावर हत्यार घ्यायला मुदत असते. नानांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते आले. मी चहा मागवला, दोन्ही समोर ठेवल्या. आबा येऊन गेल्याचं आणि ते काय म्हणाले तेही सांगून टाकलं. नानांनी रिव्हॉल्व्हरना हातच लावला नाही. चहा सावकाश संपवला आणि उठले.

"आबाले सांगजो, नानानं घेतली नही."

"तुम्हीच सांगा की, नाना."

"आमचं बोलनं कुठे हाये?" म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मी लगेच आबांना फोन लावला. निरोप सांगितला. मागे विहिरीवरची मोटार चालू होती, तिचाच आवाज येत राहिला. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"चहा पाजला का त्याले?" आबांनी विचारलं.

"पाजला."

"बिनसाखरेचा ना? त्याले शुगर हाये."