आत्याची अट आणि बान्यूल्सची झारी

आत्यानं यायचं कबूल केलं, पण अट घालून. "मी येईन, हिंडेन, तुम्ही दाखवाल ते बघेन. पण चारचौघांत जेवायला बसणार नाही. माझं ताट खोलीत आणायचं. पटत असेल तर तिकिटं काढा."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी मिरजेत नर्सिंग शिकून इंग्लंडला आली, लंडनच्या हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाली आणि आता तिथल्याच पिनर उपनगरात राहते. तिच्या हातचं इंजेक्शन टोचलेलं कळायचं नाही, असं तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका अजून सांगतात. काही वर्षांपूर्वी त्याच हातांना कंप सुरू झाला. पार्किन्सन नाही, जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आमटीचा चमचा तोंडाशी येईपर्यंत अर्धी आमटी मांडीवर. तेव्हापासून आत्या कुणाकडे जेवायला गेली नाही आणि तिनं कुणाला बोलावलंही नाही. चहा विचारला की उत्तर ठरलेलं, "आत्ताच झाला." मी बेसिंगस्टोकहून अधूनमधून शनिवारी तिच्याकडे जाते, तर माझ्यासमोरसुद्धा ती खिडकीकडे तोंड करून जेवते. मला ते फार लागतं.

फ्रान्सचं खूळ मीराचं. मीरा आत्याची नात, जन्म इथला, मराठी समजतं सगळं पण बोलताना लिंगांची पार वाट लावते. कॉलेजनंतर वर्षभर पर्पिन्यांला शाळेत इंग्रजी शिकवत होती, तेव्हा तिथून जवळच्या बान्यूल्स गावातल्या रोझ नावाच्या बाईंच्या द्राक्षबागाईतदार घराशी तिची गट्टी जमली. सप्टेंबरअखेर द्राक्षकाढणी संपली की त्या घरी मोठं जेवण असतं. त्याचं आमंत्रण तिला आलं होतं, सहकुटुंब.

"आजी, ते लोक खूप चिल आहे," मीरा म्हणाली. "आणि रोझ तर तुझ्यासारखाच आहे."

"सारखीच."

"तेच. सारखीच."

अट मान्य करून आम्ही तिकिटं काढली.

जाणं

विमानानं झटकन होतं, पण आत्याला ट्रेनच हवी होती, आणि मीही तुम्हाला ट्रेनच सुचवेन. सकाळी लवकर सेंट पँक्रसहून निघून चॅनलखालून पॅरिस. तिथे स्टेशन बदलावं लागतं. भुयारी रेल्वेनं दोनच थांबे आहेत, पण जिने, गर्दी आणि बॅगा हे त्रैराशिक सोडवण्यापेक्षा टॅक्सी करावी. पुढे पर्पिन्यांपर्यंत पाच तास. तिकिटं दोन-तीन महिने आधी घेतली तर बरीच स्वस्त पडतात. एक गंमत सांगते. आम्हा तिघींचेही पासपोर्ट निळेच, पण माझ्या निळ्याला व्हिसा लागतो, तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनी त्याची सोय आधी बघावी.

या प्रवासात डाव्या हाताची खिडकी पटकवा. नार्बोनच्या पुढे रूळ चक्क पाण्यातून जातात. दोन्हीकडे खाडीसारखी उथळ तळी, आणि त्यांत रोहित पक्ष्यांचे थवे, माना खाली घालून उभे. आमच्या डब्यात कुणीही मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. आत्या मात्र काचेला नाक लावून बसली होती. "अगं, हे रोज इथे असतात?" तिनं मीराला दोनदा विचारलं. रोज असतात म्हटल्यावर तिला त्या प्रवाशांचा रागच आला.

पर्पिन्यांहून लहानशी गाडी पाऊण तास समुद्राच्या कडेकडेनं जाते. बान्यूल्सला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. मी समुद्राकडे बघत बॅग ओढत होते, म्हणून मागे वळून बघायला जरा उशीर झाला. मागे डोंगर होते आणि एकूण एक डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी कोरलेला होता. प्रत्येक पायरीला दगडी बांध, प्रत्येक बांधावर द्राक्षाची बुटकी खोडं. जिथे बकरीनंही दोनदा विचार केला असता, तिथे माणसानं बाग लावली होती. मी जागच्या जागी उभी राहिले. मला ओळखणारे जाणतात की माझं तोंड बंद होणं ही काही रोजची गोष्ट नाही.

गाव आणि बांध

रोझ ऐंशीच्या घरातली, ठेंगणी, घोगऱ्या आवाजाची. बाग आता तिचा मुलगा बघतो, वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. पहिल्या रात्री मी आत्याचं ताट वर घेऊन जाताना तिनं मीराला विचारलं, "आजारी आहे का ती?"

"नाही, लाजते," मीरानं फ्रेंचमध्ये सांगितलं.

रोझनं खांदे उडवले आणि ताटात आणखी एक पाव ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं आम्हाला जीपमधून वर नेलं. हे सारे बांध नुसते दगडावर दगड रचून केलेले आहेत, चुना नाही की सिमेंट नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक हिवाळ्यात ढासळलेले दगड पुन्हा रचतात आणि पुढच्या पावसात थोडे पुन्हा ढासळतात. मध्येमध्ये उतारावर तिरके दगडी पाट आहेत, एकमेकांना छेदत जाणारे. पावसाचं पाणी त्यांतून निघून जातं आणि बांधामागची माती वाचते. गावची बोली कातालान, आणि तिच्यात त्या पाटांना 'कोंबड्याचा पाय' म्हणतात. वरून पाहिलं की खरंच डोंगरभर एखादी महाकाय कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतं.

खाली निळाभोर समुद्र, अंगावर डोंगराकडून येणारा दांडगा वारा आणि पायाखाली काळ्या पापुद्र्यांचा दगड, त्यात माती नावापुरतीच. "ही झाडं खातात तरी काय?" मी विचारलं. रोझचा मुलगा हसून म्हणाला, "खात नाहीत. शोधतात." मुळं दगडाच्या भेगांतून खोल खोल जातात म्हणे. मला एकदम भरून आलं. कुणाकुणाचं अख्खं आयुष्य या बांधांत गेलं असेल, आणि बांधावर नाव कुणाचंच नाही!

येणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, गुळगुळीत तळाचे बूट घालून बांधांवर जाऊ नका, दगड निसटतात. दोन, दुपारी बारा ते तीन गाव जेवतं आणि झोपतं. बाराच्या ठोक्याला टेबलाशी नसलात, तर बिस्किटांवर दिवस काढावा लागतो.

संध्याकाळी रोझच्या घरच्या वाइनच्या तळघरात गेलो. वाटेत अंगणात मोठाले काचेचे बुधले ओळीनं उन्हात ठेवलेले होते, आत तांबूस गोड वाइन. वर्षभर उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात ती तशीच मुरते. "म्हणजे साखरांबाच की हा," आत्या म्हणाली आणि मीरानं ते भाषांतर करताना साखरांब्याला शरण जाऊन तो शब्द तसाच ठेवला. मी चव घेतली. सुकं अंजीर, अक्रोड, थोडी कॉफी, आणि शेवटी जिभेवर राहतं ते नुसतं ऊन. लांब दांडीच्या नाजूक पेल्यांत ती ओतली जात होती. आत्याचे हात पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट धरलेले. "मला नको, मी वासावरच खूश आहे," ती म्हणाली. ख्रिसमसला शेरीचा पेला आवडीनं घेणारी ही बाई! त्या साखरांब्याची गोडी माझ्यापुरती तिथेच संपली.

जेवण

तिसऱ्या दिवशी शेवटची द्राक्षं उतरली. अंगणात फळ्या टाकून लांबलचक टेबल मांडलं. वेलींच्या वाळक्या काटक्यांचा जाळ केला होता, त्यावर वांगी आणि भोपळी मिरच्या सालासकट भाजायला घातल्या होत्या. बाजूला जाळीवर गोगलगायीही होत्या, त्यांच्याबद्दल मी एवढंच सांगेन की मी त्यांना पाहिलं आणि त्यांनी मला. आत्यानं मोतिया रंगाची साडी नेसली होती, मान राखायला म्हणून. पण ती बसली टेबलापासून लांब, भिंतीलगतच्या बाकावर. "माझं वर झालंय खाणं. तुम्ही बसा, मी वारा खाते." रोझनं तिच्याकडे एकदा पाहिलं. आग्रह केला नाही.

टेबलावर पेले नव्हतेच. एक काचेचं भांडं हातोहात फिरत होतं, पोट मोठं आणि बाजूला निमुळती तोटी. तिथे त्याला पुर्रो म्हणतात. ते उंच धरायचं, मान मागे टाकायची आणि वाइनची धार थेट तोंडात घ्यायची. ओठ लावायचा नाही. सोपं वाटतं ना? काढणीला आलेल्या एका उंच तरुणानं वाइन डोळ्यात घातली. माझी धार गालावरून कानात गेली. मीराची हनुवटीवरून शर्टात. दर सांडण्याला टेबल ओरडत होतं आणि ज्यांनी सांडली तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. त्या टेबलावर एकही शर्ट धड नव्हता.

"अगं, ही तर झारी!"

मी वळले. आत्या बाकावरून उठून माझ्या पाठीशी येऊन उभी होती. तिनं हात पुढे केला. रोझनं पुर्रो तिच्या हाती दिला, आणि हात लागताच आतली वाइन डचमळायला लागली. सगळं टेबल तिच्याकडे बघायला लागलं. मला ते सहन होईना.

"आत्या, राहू दे. साडी खराब होईल. थांब, मी धरते." मी भांड्याकडे हात नेला.

"तू झारीतला शुक्राचार्य होऊ नकोस," आत्या म्हणाली. "बाजूला हो."

मी बाजूला झाले. तिनं दोन्ही हातांनी पुर्रो उचलला आणि मान मागे टाकली. धार सुटली ती नागमोडी, डावीउजवीकडे हेलकावे खात. काही खांद्यावर, काही गळ्यावर, पण बरीचशी तोंडात. आणि तिनं तोंड मिटलं नाही! आमचा सगळ्यांचा घोळ तिथेच होत होता, घोट गिळताना तोंड मिटत होतं. मिरजेच्या घरात पाण्याचा एकच तांब्या होता, ओठ लागला की आईचा धपाटा, हे आत्यानं मला नंतर सांगितलं. ती उघड्या तोंडानं गिळत राहिली, आणि हात थरथरत असतानाच तिनं पुर्रो आणखी वर नेला. धार लांबली. टेबलावर फळ्या बडवायला सुरुवात झाली. रोझ दोन्ही हात हवेत फेकून काहीतरी ओरडत होती. मीरा म्हणाली, त्याचं भाषांतर आजीसमोर करता येणार नाही.

आत्यानं पुर्रो खाली ठेवला. साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत जांभळे ओघळ होते.

"आजी, तुझा साडी!" मीरा किंचाळली.

"तुझी साडी," आत्या म्हणाली आणि रोझच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

रोझनं तिच्यापुढे टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेलं वांगं सरकवलं. आत्यानं काटा उचलला. वांग्याचा तुकडा एकदा पडला, दोनदा पडला, मग तिनं सरळ हातानं खाल्लं. कुणी बघतंय का म्हणून मीच बघत होते. कुणी बघत नव्हतं. रोझ तिला नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती, आत्या तिला वॉर्डातले किस्से, एक फ्रेंचमध्ये आणि दुसरी मराठीमिश्रित इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना बरोबर ठिकाणी "हो ना!" म्हणत होत्या. मी रडले. वाइन कानात गेलीये, असं सांगितलं.

परत

परतीच्या ट्रेनमध्ये आत्यानं खिडकी मला दिली आणि ती झोपली. मी ती तळी, ते पक्षी पुन्हा डोळे भरून पाहिले. बान्यूल्सला काय बघावं, असं मला आता लोक विचारतात. मी डोंगर सांगते, बांध सांगते, उन्हात मुरणारे बुधले सांगते, आणि सप्टेंबरअखेरीस जा असंही सांगते. एखादा ओळखीचा गाठून कुणाच्या तरी अंगणात जेवायला मिळालं तर हॉटेलाचा विचारही करू नका. हात मात्र आत्याचे आहेत तसेच आहेत. फ्रान्सची हवा लागून कंप गेला, असं काही झालेलं नाही.

दिवाळीत तिचा फोन आला, "या वेळी फराळाला सगळ्यांनी माझ्याकडे." मी लवकर गेले, मदतीला म्हणून, तर मला चकल्या ताटलीत काढण्यापलीकडे काही करू दिलं नाही. मंडळी जमल्यावर आत्या स्वतः किटली घेऊन बाहेर आली आणि एकेकाच्या कपात चहा ओतायला लागली. शेजारच्या जोशीकाकांच्या बशीत तळं झालं, टेबलक्लॉथवर ओघळ गेला. काका बिचारे गडबडून उठले आणि कागदी रुमाल शोधायला लागले.

"अहो, बसा हो," आत्या म्हणाली. "अजून चार कप भरायचेत. पुसू मग सगळं एकदमच."