नको म्हणायला शिकवणाऱ्या रशीदा खाला

"बाई, पाय दिसून राहिले तुये दाराखालून."

रशीदा खाला माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. अकोल्याला जठारपेठेत आम्ही नवे राहायला आलो होतो. बांगड्यांची टोपली घेऊन खाला दाराशी हाका मारत होत्या आणि मी आत श्वास धरून उभी होते. मला कोणाला नको म्हणता येत नाही, म्हणून विकणारं कोणी आलं की मी घरी नसते. पाय सापडल्यावर मुकाट्याने बाहेर आले आणि हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. पुढच्या खेपेलाही घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, "हात दोनच हायेत तुले, सूनबाई."

खालांना ते कळत होतं. बांगड्या भरताना माझी बोटं दाबत म्हणायच्या, "लेनं असंन तं ले. नसंन लेनं तं नको म्हन. लपू नोको. मी का खाऊन राहिली तुले?" त्या पायरीवरच बसायच्या. उंबरा ओलांडला नाही, की पाणी विचारलं तर घेतलं नाही. "राहू दे," एवढंच म्हणायच्या. मला वाटायचं, आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नसेल.

मग घरात मोठा फोन आला. आमची शेती भातकुलीकडे, दीर पाहतात. त्यांच्याकडे बटणांचा फोन, म्हणून पावसाचा अंदाज पाहून त्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. चौथीपर्यंत शिकलेली मी, अक्षरं लावत वाचायचे. पण पावसाच्या आधी दुसरंच कोणीतरी पुढे यायचं आणि विचारायचं, सूचना पाठवायची अनुमती द्या की ब्लॉक करा? मला वाटे, अनुमती मागतो आहे म्हणजे सभ्य माणूस दिसतो. त्याला तोंडावर ब्लॉक कसं करायचं? मी प्रत्येकाला अनुमती दिली. थोड्याच दिवसांत माझ्या फोनमध्ये यात्रा भरली. गुडघ्याचं तेल, प्लॉट, वजन उतरवायची पावडर. एकदा सासूबाई शेजारी असताना त्यात एक बाई आली, तिच्या अंगावर कपडे म्हणावे असं फार काही नव्हतं. मी फोन पिठाच्या डब्यात घातला.

आदल्या हंगामात कापून रचलेली सोयाबीनची गंजी पावसात भिजली होती. दाण्यांना कोंब फुटले. तेव्हापासून भाऊजी जेवताना बोलेनासे झाले होते आणि जाऊबाई त्यांना शेतात एकटं सोडत नव्हत्या. त्या वर्षांत आमच्याकडे असं गप्प होणाऱ्या माणसाची सगळ्यांनाच धास्ती वाटायची. या वर्षीची गंजी कोरडी घरात यावी, एवढंच आम्ही मागत होतो.

मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी येणार होतं. ऊन लागावं म्हणून भाऊजींनी गंजी उघडी ठेवली होती. इकडे दुपारी वारा फिरला. मी पाऊस पाहायला गेले, तर आडवी पावडर आली. ती सारली, तेल आलं. मग लाल अक्षरं आली, तुमचा फोन बिघडला आहे, इथे दाबा. मी दाबलं. सांगितलं की दाबते मी. आणखी तिघं आले. मला रडू यायला लागलं, तेवढ्यात पायरीवर टोपली टेकल्याचा आवाज आला.

खालांनी फोन पाहिला. "किती लोकायले घरात घेतलं वं तू?"

"ते इचारत होते, खाला."

"इचारनारच. मी भी इचारतो." खाला आपल्या बोलण्यात कधी बाई असत, कधी बुवा. "म्या चुड्यायचे डिझाईन पाह्यले, तं हा मुडदा मलेच चुड्या विकाले लागला. मले! मंग फोनच्या दुकानात ठिय्या देऊन शिकली."

त्यांनी सेटिंगमध्ये अनुमती दिलेल्यांची रांग काढली. "मी नाही दाबत. तुनंच घेतले, तूच काढ." मी एकेकाला ब्लॉक केलं. पहिल्या दोघांना मनातल्या मनात माफ करा म्हणाले, तिसऱ्यापासून नाही. मग खालांनी जाहिराती अडवणारा दुसरा ब्राउझर घालून दिला. त्यात पान उघडलं ते सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. त्यावर अंदाज होता, संध्याकाळी भातकुलीकडे जोराचा पाऊस.

भाऊजींना फोन लावला. "इकडं तं ऊन हाय, वहिनी," ते म्हणाले.

"असू द्या. ताडपत्री टाका."

इतक्या ठाम आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी टाकली. दिवेलागणीला त्यांचाच फोन आला, "पानी सुरू झालं. गंजी कोरडी हाय." मग चहात साखर कमी पडल्याचंही सांगत बसले. जाऊबाई मागे हसत होत्या.

पण त्याआधी, दुपारी ताडपत्रीचं सांगून मी फोन ठेवल्या ठेवल्या, खालांनी टोपलीवरचं फडकं काढलं होतं. "आता ले चुड्या. लाल आनल्या."

त्यांनी एवढं केलं होतं, डझनभर घ्यायला हव्या होत्या. त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. माझे कान गरम झाले.

"नको, खाला."

खालांनी फडकं परत टाकलं, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत येऊन बसल्या. "आन, पानी दे. जिथं नको म्हनता येत नाही, त्या घरी बसाले जीव नाही होत माया."

पुढे त्या अमरावतीला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. फोन अजून शांत आहे. दारात कोणी विकायला आलं की मी बाहेर येते आणि नको म्हणते. फक्त बांगड्यावाली आली की मला ते जमत नाही. सासूबाई असत्या तर पुन्हा हात मोजले असते.