आईच्या खेळाची वर्गणी

धाकटा भाऊ अमेरिकेला गेला आणि मी बेलापुरात खतांचं दुकान सांभाळत आईजवळ राहिलो. तिचं दुखणंखुपणं, चष्म्याचा नंबर, पेन्शनसाठी श्रीरामपूरची खेप, सगळं माझ्याकडे. त्याची तक्रार नव्हती. पण रविवारी भावाचा फोन आला की तिचा आवाज जसा खुलायचा, तसा माझ्याशी बोलताना कधी खुलला नाही. हे मला टोचायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून घे, असं भावानेच सांगितलं. मला वाटलं, ईमेलसाठी असेल. तर त्याने आईला एका खेळात ओढलं. त्यात चित्रं नव्हती, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. 'समोर जंगल आहे, उत्तरेला पूल आहे,' असं लिहून यायचं आणि आपण काय करणार ते टाइप करायचं. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्या जंगलात फिरत असायची, राक्षसांशी लढायची. आई हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे तिला भाषेची अडचण नव्हती. खेळात ती वैद्यीण झाली, भाऊ तलवारबाज. दोघांची दरमहाची वर्गणी भाऊच डॉलरमध्ये भरायचा.

आपल्याकडे सकाळ, तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ. दुकान उघडण्याआधी मी आणि आई ओट्यावर चहा घ्यायचो, तीच नेमकी त्यांची खेळायची वेळ झाली.

"आई, चहा निवतोय."

"थांब रे, त्याला लागलंय. जखम बांधतेय."

आदल्याच आठवड्यात युरियाचं पोतं पडून माझा अंगठा काळानिळा झाला होता. तेव्हा "हळद लाव" म्हणून ती आत गेली होती.

बायको म्हणाली, "सख्ख्या भावावर जळताय तुम्ही." मी तिच्यावरच खेकसलो. पुढच्या फोनला मात्र भावाला सुनावलं, "महिन्याच्या महिन्याला पैसे भरून खोट्या जंगलात कशाला फिरायचं? त्यापेक्षा तिला जास्त फोन कर."

"फोनवर आम्ही काय बोलतो, दादा? जेवलास का, थंडी आहे का. तिथं आम्ही बरोबर काहीतरी करतो."

आईबरोबर मी शेवटचं काय केलं होतं, ते मला आठवेना.

पुढे भावाची नोकरी बदलली आणि त्याचं खेळात येणं थांबलं. आई एकटीच पडद्यासमोर बसायची. मी मनातून खूश होतो. भाऊ फोनवर मला म्हणाला, "आता वर्गणी बंदच करतो." तेव्हा तर मी घाईने हो म्हणालो. आईने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"यंदा दिवाळीला साडी पाठवू नकोस. ते चालू ठेव." तिकडून तो काहीतरी बोलला असावा. "त्या खेळात तू एकटाच होतास का?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

म्हणजे भाऊ खेळातून गेला तरी मला जागा नव्हतीच. कुणी कॅनडातली नर्स, कुणी निवृत्त पोस्टमन, असे तिचे सोबती होते. कधी न पाहिलेल्या त्या माणसांवरही मी जळू लागलो. शेवटी एका सकाळी म्हणालो, "मलाही ने."

आईने चष्म्यावरून पाहिलं. "त्याचं नाव चालू आहे अजून. पासवर्ड देते."

घरात कॉम्प्युटर एकच. म्हणून दुकानावर बायकोला बसवून मी स्कूटरवरून श्रीरामपूरला गेलो. तिथे नवीनच निघालेल्या इंटरनेट कॅफेत बसलो. आईशेजारी बसायचं सोडून तिला भेटायला दुसऱ्या गावी आलोय, याचं हसूही आलं. खेळात शिरताच पडद्यावर आईच्या सोबत्यांच्या भराभरा ओळी उमटल्या. इतके दिवस कुठे होतास, तुझी वाट पाहत होतो. सगळा जिव्हाळा भावाच्या नावाला. मग आई आली. इंग्रजी अक्षरांत तिने मराठी लिहिलं, "आलास? पुढे ये. घाबरू नकोस, मी आहे."

असं ती माझ्याशी लहानपणानंतर बोलली नव्हती. आणि आताही हे मला होतं की त्या नावाला? मी टाइप केलं, "मी थोरला आहे."

"माहीत आहे रे. मघापासून भिंतीवर आपटतोयस, दिसतंय मला."

मी कॅफेत एकटाच मोठ्याने हसलो. आम्ही पूल ओलांडला. पलीकडे लांडग्यांनी मला फाडलं, तिने जखमा बांधल्या. मग श्रीरामपूरची लाईट गेली. घरी आलो तर आई दारातच उभी. "अरे, डावीकडे पळायचं होतं!" म्हणून जेवताना ती सगळी लढाई मला परत सांगू लागली. तिचा आवाज छान खुलला होता.

पुढच्या महिन्यापासून मी माझ्या स्वतःच्या नावाने खेळू लागलो. वर्गणी भरायला कार्ड भावाकडेच, त्याला ते सांगणं जिवावर आलं. तो म्हणाला, "माझ्या नावाने तू खेळलास होय?" तो सूर माझ्या चांगला ओळखीचा होता.

त्यानंतर दर रविवारी तो मला विचारायचा, "कुठवर पोचलात तुम्ही दोघं?" मी मोघम सांगायचो. सगळंच त्याला कशाला सांगायचं?