मुलांच्या रकान्यातली रेघ

हर्षदाचा फॉर्म मी भरला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना शिव्या देत बसेन.

तलासरीच्या डोंगराकडच्या एका वारली पाड्यावरची ही मुलगी. आश्रमशाळेत माझ्या हाताखाली शिकली, नर्स झाली, डहाणूच्या एका दवाखान्यात लागली. ड्यूटी सांभाळून मोबाइलवर जर्मन शिकली आणि परीक्षा पास झाली. तिकडच्या इस्पितळाने बोलावलं तेव्हा माझ्या सरावलीच्या घरी टोपलीभर करवंदं घेऊन आली. सोबत व्हिसाचा फॉर्म.

"लग्न?" मी विचारलं.

"लगीन नाय झाला, सर."

"मुलं?"

"एक हाय. दक्षा. चार वर्षांची."

तिचा नवरा मिथुन फुग्याच्या कारखान्यात कामाला. पाड्यावर ती दोघं नवराबायकोच. लग्नाचा विधी तेवढा राहिलेला, कारण मिथुनच्या आईबापांचा, बायजी आणि बाबल्याचाच विधी राहिलेला होता. त्यांचा झाल्याशिवाय पोराचा होत नाही. यात पाड्यावर कोणाला काही वावगं वाटत नाही. वाटलं ते मला. अविवाहित आणि एक मूल, असं परक्यांच्या कागदावर लिहायला माझा हात धजेना. "उगाच शोभा नको," म्हणालो आणि मुलांच्या रकान्यात रेघ ओढली. तिनं सही केली. सरांना जास्त कळतं असं तिला वाटलं, एवढाच तिचा गुन्हा.

जर्मनीत ती रुळली. सायकलवर कामाला जायची, बॅगेतून नेलेल्या नागलीच्या पिठाची भाकरी वॉर्डातल्या बायकांना खिलवायची. एकदा फोनवर सहज म्हणाली, "सर, इथं लगीन नाय झालेल्या दोन बाया माझ्यासोबत कामाला हायत. दोघींना पोरं हायत. कोण विचारत पण नाय."

पाड्याला लाज नव्हती, जर्मनीला नव्हती. मधे बसलेल्या या शहाण्यालाच तेवढी होती.

पहिल्या सुट्टीत आली ती लग्नं उरकायलाच. एकाच मांडवात बापाचं आणि मुलाचं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाच्या चित्रांचे दोन चौक लिहिले, लग्न लावणारी शुक्री धवलेरी गायला बसली. साठीतला बाबल्या हळद लावून घेताना असा लाजला की अख्खा मांडव हसला. मीही पोटभर हसलो. आता लग्नाचा दाखला मिळेल, मिथुन आणि दक्षा दोघं तिकडे जातील, माझी चूक पुसली जाईल, असं वाटत होतं.

कसली पुसली जाते? दोघांच्या व्हिसाचा अर्ज परत आला. आधीच्या फॉर्मवर मूल नाही, मग ही कोण? रक्ततपासणीचा कागद जोडला. रक्त जुळतं हे त्यांनी मानलं, पण खोटी माहिती दिली हे उरलंच. आता शेवटचं उत्तर पाठवायला पंधरा दिवस. तेही फेटाळलं तर हर्षदाची तिथली नोकरीसुद्धा जाईल म्हणतात.

काल तिचा फोन आला. "सर, इथल्या म्हाताऱ्या मला पोरी म्हणतात. माझी पोर मला हर्षदा म्हणते. बायजीला आई म्हणते." मग नुसतं रडणं. "परत येऊ का, सर? पण परत येऊन तरी ती मला आई म्हणंल का?" तिला आयुष्यभर उत्तरं देत आलेला मी एवढंच म्हणालो, "मिथुनला सांग, उद्या दक्षाला घेऊन ये. पत्र मी लिहितो."

आज मिथुन दक्षाला घेऊन आला. मी पत्र लिहायला बसलो: खोटं हर्षदाचं नाही, माझं आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. एका म्हाताऱ्या मास्तरच्या लाजेची गोष्ट त्या कचेरीत कोणाला पटणार?

दक्षा आता दुसरीत आहे, इंग्रजी अक्षरं लावते. टेबलावरची जुन्या फॉर्मची झेरॉक्स तिनं ओढून घेतली, बोट फिरवत खाली आली.

"सर, माझा नाव कुठं हाय?"

मी रेघेवर बोट ठेवलं. "इथं पाहिजे होतं."

तिनं माझं पेन उचललं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर मोठं काढत, त्या रेघेवर आपलं नाव लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"आता पाठवा, सर."