बागेवरची जाळी

येडशीच्या डोंगराखाली कोंडीरामची लहानशी द्राक्षबाग आहे. सातबारा त्याच्या नावावर, पण बागेत जीव होता तो त्याच्या बायकोचा, धुरपदाबाईचा. दसऱ्याच्या आगेमागे छाटणी होऊन डोळे फुटले की तिचा निम्मा दिवस मांडवाखालीच जायचा. संध्याकाळी भाकरी थापताना ती पाहिलेलं सगळं सांगायची. बुलबुलानं कोवळ्या वेलीत घरटं केलंय, तिथं फवारा जरा आवरून मारा. मुंगसीण पिल्लं घेऊन बांधावरून गेली. विहिरीवरच्या लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, ती उंदीर उचलते, म्हणून तर ठिबकच्या नळ्या शाबूत राहिल्यात. कोंडीराम जेवता जेवता नुसता हुंकार भरायचा.

माघात मणी गोडीला आले की भोरड्यांचे थवे उतरत. धुरपदाबाई डबा बडवत हिंडायची, पण बांधाकडची एक ओळ पाखरांना म्हणून सोडायची. डोंगराच्या शेजारी राहायचं तर त्याच्या लेकरांचा वाटा काढावाच लागतो, असं तिचं म्हणणं.

एका वर्षी ऐन माघात लेकीच्या बाळंतपणाला ती भूमला गेली. त्या साली भोरड्या लई आल्या. डबा बडवून कोंडीरामचे हात भरून आले, तरी पाखरं हलेनात. शेजारच्या गौरीशंकरनं बागेवर जाळी ओढली होती, त्याचा एकही घड पाखरांनी फोडला नव्हता. कोंडीरामनंही बार्शीहून नायलॉनची जाळी आणली आणि अख्खी बाग झाकली, पाखरांची ओळसुद्धा. आधी तिला फोन करावा असं त्याच्या मनात आलं होतं. पण ती काय म्हणेल ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं केला नाही.

माल तोडायच्या दिवशी सकाळी विहिरीकडच्या कडेला काहीतरी फडफडत होतं. पिंगळा जाळीत अडकला होता. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा, माणसं खोळंबलेली. गाडी भरून झाली की सोडवू, असं म्हणून कोंडीराम पुढं गेला आणि कामाच्या गडबडीत विसरला.

दुपारच्या एसटीनं धुरपदाबाई आली. पिशवी ठेवून ती बागेत शिरली, तेव्हा पिंगळा उलटा लटकलेला होता, पंख ताठलेले.

"जित्ता व्हता तवा दिसला न्हाय व्हय तुमाला?" तिनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. कोंडीराम म्हणाला, "दिसला व्हता."

ती रागावली नाही. छाटणीच्या कात्रीनं तिनं जाळी कापली आणि पाखराला बांधाकडेला पुरलं. त्या संध्याकाळी तिनं ताट वाढलं, पण सांगितलं काहीच नाही. जोडीतला उरलेला पिंगळा बरेच दिवस लिंबावर ओरडत राहिला, मग कुठं गेला कळलं नाही.

पुढच्या हंगामात उंदरांनी नळ्या कुरतडल्या. कोंडीरामनं जाळी पुन्हा घातली नाही, बांधाकडची ओळही सोडली. धुरपदाबाई बागेत येते, घडांची विरळणी करते, कामात कसूर करत नाही. पण गडीमाणसासारखी येते अन् जाते.

एकदा जेवताना त्यानंच विषय काढला. "आज बांधावर मुंगूस दिसलं."

"असंल," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

इतकी वर्षं ती बोलत होती, तेव्हा 'मग पुढं काय झालं?' एवढं त्यानं कधी विचारलं नव्हतं. ते आता सारखं त्याच्या ओठांवर येतं. पण तिनं काही सांगितलं, तरच विचारता येणार.