खंडेनवमीला बंद केलेली मशीनं

आमच्या कंपनीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. कंपनी म्हणजे बुलढाण्यात एका दुकानाच्या माडीवरच्या चार खोल्या आणि तिथून देऊळघाट, रोहिणखेड, पार वडनेर भोलजीपर्यंत गेलेली इंटरनेटची वायर. मालकांच्या वडिलांचा केबल टीव्हीचा धंदा होता. खंडेनवमीला ते सगळी यंत्रं बंद करून पुसायचे, हळद-कुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि मगच गावाला सिनेमा दिसायचा. वायर बदलली, धंदा बदलला, पण पद्धत तीच राहिली.

त्या चार खोल्यांतल्या एका खोलीत माझी दोन मशीनं आहेत. माझी म्हणते, कारण ती मी लावली, मी शिकवली आणि आजारी पडली की उशाशी मीच बसते. काम साधं सांगायचं तर असं: लोक मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर नाव टाकतात, पण इंटरनेटला नाव कळत नाही, आकडे कळतात. कोणत्या नावाचा आकडा कोणता, ते माझी मशीनं सांगतात. एस. टी. स्टँडवर एखादा माणूस असतो ना, कुणाचंही नाव घ्या, घर कुठे ते सांगतो, तसं. तो माणूस गप्प बसला की रस्ते शाबूत असूनही पाहुणे स्टँडवरच अडकतात.

पूजेच्या दिवशी माझी मशीनं पुरती बंद करायला मी कधीच तयार नसायचे. चालू मशीनलाच कुंकवाचं बोट लावा म्हणायचे. पण एका वर्षी उन्हाळ्यात खोलीतला एसी जळाला, तापून मशीनं दोनदा बंद पडली आणि मालकांनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. एक, पूजा नीट झाली नाही म्हणून हे घडलं. दुसरी त्यांनी सगळ्यांदेखत बोलून दाखवली.

"ताई, हे काम तुमच्या हट्टापायी इथं ठेवलं. आता अजून एकदा बंद पडलं तं दिवाळीपासून पुण्याच्या कंपनीले देऊन टाकतो. तुम्ही मंग तक्रारीचे फोन घ्या."

तक्रारीचे फोन! मला इतका राग आला की दुपारचा डबा तसाच परत नेला. काम हलकं म्हणून नव्हे. माझ्या हातानं उभं केलेलं कोणी उचलून नेणार म्हणून.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला ग्राहकांना आधी मेसेज गेले आणि सकाळी वीज काढून दोन्ही मशीनं बंद झाली. एक तरी चालू ठेवू या, असं मी म्हणून पाहिलं. मालक म्हणाले, "एकीची पूजा अन् दुसरीची नाई, असं कुठं असते काय?" देऊळघाटचा आमचा लाईनमन, ज्याला मी भाई म्हणते, त्यानं ब्लोअरनं दोन्हींच्या पोटातली धूळ काढली. घरच्या म्हशी धुतल्यासारखं त्यानं प्रेमानं पुसलं. मालकांनी हळद-कुंकू वाहिलं. नारळ फुटला. मी बटणं दाबली, हिरवे दिवे लागले, सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

आणि शेजारच्या खोलीतले फोन एकदम वाजू लागले. रोहिणखेडहून एक गृहस्थ ओरडत होते, "काऊन बंद केलं बे?" वडनेरच्या झेंडूवाल्याला बाजारभाव दिसेना. देऊळघाटच्या कापडवाल्याचं गिऱ्हाईक दुकानात उभं आणि पैसे जाईनात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी!

भाईचा चेहरा उतरला. "माह्या ब्लोअरनंच गेलं काहीतरी, ताई." मालक वाकून मशीनच्या फटीत बघत होते, कुंकू आत गेलं की काय. मग ते सरळ झाले आणि खिशातून फोन काढला.

"मी पुण्याले लावून राह्यलो."

"लावा," मी म्हटलं, "पण बाहेर जाऊन लावा. मला इथं शांतता पाहिजे."

मालकाशी असं बोलायचं नसतं. पण ते खरंच बाहेर गेले.

मी आकड्यांनी पाहिलं तर रस्ते ठीक होते. म्हणजे दोष नावांतच. एकूण एक नाव माझी मशीनं स्वतःच नाकारत होती. बाहेरून येणाऱ्या उत्तरावर सहीशिक्क्यासारखी मोहोर असते, तिच्यावर कधीपासून कधीपर्यंत खरी ते लिहिलेलं असतं. मोहोर खोटी वाटली की मशीन उत्तर फेकून देतं. मीच त्यांना तसं शिकवलं होतं. पण एकाच वेळी साऱ्या जगाची मोहोर खोटी कशी होईल? मग माझी नजर मशीनच्या नोंदीतल्या ओळीच्या सुरुवातीला गेली. तिथे तारीख होती, एक जानेवारी, कितीतरी वर्षांपूर्वीची.

मशीनच्या पोटात घड्याळासाठी एक चपटा सेल असतो. दोन्ही मशीनं एकाच दिवशी घेतलेली, वीज कधीच न काढलेली; उन्हाळ्यात तापून बंद पडली तेव्हाही वीज आत येतच होती. आत दोन्ही सेल कधीच मेले होते आणि ते कळायला कारणच नव्हतं. वीज काढताच घड्याळं मागे गेली आणि आजची मोहोर त्यांना अजून न उगवलेल्या दिवसाची वाटू लागली. बरोबर वेळ विचारायची तर वेळ सांगणाऱ्या मशीनचं नाव शोधावं लागतं, आणि नावच तर मिळत नव्हतं.

"भाई, किती वाजले?"

"नेट बंद पडलं अन् तुम्ही टाईम विचारून राह्यल्या?"

"सांगा ना बापा!"

"पावणेबारा."

मी दोन्ही मशीनवर हातानं तारीख आणि पावणेबारा टाकले. पहिलं नाव विचारलं. आकडा आला. दुसरं विचारलं, त्याचाही आला. शेजारच्या खोलीतले फोन एकेक करून थांबत गेले आणि मला हसू आवरेना. भाई घड्याळाच्या दुकानात सेल आणायला पळाला. ब्लोअरचा दोष नाही हे ऐकून तो माझ्यापेक्षा जास्त खूश होता. मालक आत आले, दिव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला.

दसऱ्यानंतर पुण्याच्या कंपनीतून फोन आला. मालकांनी तो माझ्या टेबलाशी येऊन स्पीकरवर टाकला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. दिवाळीपासून सुरू करू या ना सर, तुमच्याकडे हे बघणारं कोणी नसेल.

"हाये ना," मालक म्हणाले. "आमचं माणूस हाये त्याले. त्याईलेच इचारा."

फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला. पुण्याच्या माणसाशी बोलताना मी नेहमी जीभ धुऊन घेते, आपलं बोलणं ऐकून ते हसतात म्हणून. त्या दिवशी मला ती गरज वाटली नाही. ऊर अभिमानानं भरून आला होता, मग आपलं बोलणं लपवायचं कशाला?

"मीच पाहून राह्यली इथलं सारं," मी म्हटलं. "बोला, काय काम हाये?"