सहाव्या विभागापर्यंतचा हिशेब

त्या गेमच्या सीडीसोबत एक फुलस्केप कागद फिरत असे. कागदाला दोन घड्या घातलेल्या, आणि वर माझ्या धाकट्या भावाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘आधी मत लिहा, मग सीडी पुढे द्या.’ नेरूळ, करावे, वाशी, कामोठे असे आठ-नऊ खेळणारे होते आणि सीडी एकच. तीही कॉपी केलेली. मला ते पसंत नव्हतं आणि तसं मी बोलूनही दाखवलं होतं. भाऊ म्हणाला, “दादा, मतं तरी ओरिजिनल आहेत ना?”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाऊ एकतीस वर्षांचा होता. वाशीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. दोन्ही किडन्या गेल्यावर नोकरी सुटली आणि तो नेरूळला माझ्याकडे राहायला आला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असे. मी शिरवण्याजवळच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय होती. एका लाँगबुकात मी त्याचं डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, क्रिएटिनिन आणि दिवसाचं पाणी लिहीत असे. त्याला दिवसाला सातशे मिलिलिटर पाणी चालायचं. सकाळी बाटलीत मोजून भरून ठेवायचो. संध्याकाळपर्यंत ती बाटली तो कधी हातात घेई, कधी कपाळाला लावून बसे.

त्याच लाँगबुकाच्या मागच्या पानांवर खेळाचे आकडे होते.

त्या खेळाचा पहिला भाग आम्ही दोघांनी मिळून पूर्ण केला होता. दूरच्या एका ग्रहावर बंद पडलेली खाण असते. आपला माणूस तिच्यात एकटाच उतरतो, यंत्रं आणि किडे मारत जातो, अनुभव वाढेल तशी त्याची ताकद वाढते. भाऊ की-बोर्डवर आणि मी शेजारी स्टुलावर, आलेखाच्या कागदावर नकाशे काढत. कुठल्या बोगद्यात किती गोळ्या मिळतात, कुठला किडा किती गोळ्यांत मरतो, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असे. सीडीवर होता त्या दुसऱ्या भागात नकाशा मशीनच काढू लागलं. माझ्याकडे फक्त आकडे राहिले.

दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट नवी होती, ती म्हणजे सोबतीण. खाणीतली मेकॅनिक बाई. तिच्या सूटला गळती असते, त्यामुळे तिची लाईफ सतत उतरत जाते. एक बटण दाबलं की आपल्या लाईफमधले दहा तिला मिळतात. पण आपले शंभराचे नव्वद होतात ते कायमचे.

त्यावरून दोन तट पडले होते. रविवारी सकाळी भावाचे दोन मित्र येत. एक क्लासमध्ये त्याच्यासोबत शिकवणारा, दुसरा करावे गावातला, ज्याच्या घरची अजून खाडीत मासेमारी होती.

“पयला पार्ट एक नंबर होता,” करावेवाला म्हणायचा. “यात काय हाय? गोली मारायची का बाईला सलाइन लावत बसायचं?”

“अरे, स्टोरी आहे ना पण,” मास्तर म्हणायचा. “पहिल्यात स्टोरी होती का?”

“स्टोरी पायजे तर टीव्ही लाव. वहिनी, लावा ओ याला सिरियल.”

माझी बायको चहा ठेवता ठेवता हसायची. भावासाठी अर्धा कप असे, तोही त्याच्या सातशेतून वजा करून.

भावाचं मत दुसऱ्या भागाच्या बाजूने होतं. “पहिल्यात एकटं फिरून कंटाळा यायचा,” एवढंच तो म्हणे.

याच सुमारास डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं होतं की माझी किडनी त्याला जुळते. रक्तगट जुळत होता, पुढच्या तपासण्याही ठीक आल्या होत्या. “घाई करू नका, पण उशीरही नको,” ते म्हणाले. मी पंधरा दिवस मागितले. त्याला दहा आठवडे होऊन गेले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विषय काढत नव्हतं. बायको एकदाच बोलली, “तुमचं शरीर आहे, तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही. पण पोरं लहान आहेत, एवढं लक्षात ठेवा.” मी माहिती गोळा करत होतो. दात्याला काय होतं, बसवलेली किडनी किती वर्षं चालते, किती जणांची नाकारली जाते. जे मिळेल ते वाचत होतो. वाचणं म्हणजे ठरवणं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या रविवारी पुन्हा तोच वाद निघाला. भाऊ आदल्या दोन दिवसांत सुजला होता, म्हणून करावेवाला खेळत होता. मास्तर म्हणाला, “दादांना विचारा. त्यांच्याकडे फिगर्स आहेत.”

“हां, आमचे ऑडिटर,” भाऊ म्हणाला. “बोला ऑडिटर, बाईला द्यायचं का नाही?”

मी लाँगबुक उघडलं. आकड्यांचं टेबल आदल्याच दिवशी पूर्ण केलं होतं आणि ते नीट उतरलं याचं मला समाधान होतं. वाचून दाखवलं. दर विभागात एकदा तरी द्यावं लागतं. सहा विभागांत आपले साठ जातात, चाळीस उरतात. तिच्या बंदुकीने मरतात दहा किड्यांतले दोन. न दिलं तर ती दुसऱ्या विभागात मरते आणि आपण पुढे पूर्ण शंभरावर खेळतो.

“म्हणजे नाही द्यायचं,” मी म्हणालो. “परवडत नाही. दोघं अर्धवट होतात.”

“बघ, मी काय बोलत होतो!” करावेवाल्याने टाळीसाठी हात पुढे केला. मास्तरने टाळी दिली नाही. तो माझ्याकडे बघत होता, मग खाली बघायला लागला. तेव्हा मला कळलं, मी काय बोललो ते. भाऊ हसत होता.

“कागदावर उतरव, दादा,” तो म्हणाला. “पुढच्यांना उपयोग होईल.”

मी उतरवलं. माझे आकडे फुलस्केपवर गेले, खाली रेघ मारून निष्कर्षासकट. दुसरं काही करायला सुचलंच नाही.

मित्र गेल्यावर तो पलंगावर आडवा झाला आणि म्हणाला, “दादा, डॉक्टरांना सांगून टाक. नको म्हणून.”

“काय नको?”

“किडनी. मला नको तुझी.”

“ते खेळाचं होतं रे. काहीतरी डोक्यात घेऊ नकोस.”

“खेळामुळे नाही. घरात एक पेशंट पुरे आहे. अडीच महिने बघतोय मी तुझ्याकडे.”

मी म्हणालो, “बघू.” एवढंच. मंगळवारी डायलिसिसला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की पेशंटच तयार नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. त्या आठवड्यात मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. ही नोंद मी कुठे केलेली नाही, म्हणून इथे करतो.

मी त्याला पुन्हा विचारलं नाही. अकरा महिन्यांनी, एका शुक्रवारी, डायलिसिस चालू असतानाच त्याचं हृदय थांबलं. लाँगबुकात त्या दिवसाचं आधीचं वजन आहे, नंतरचं नाही.

दिवसकार्य होऊन गेल्यावर महिनाभराने मास्तर सीडी परत द्यायला आला. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. मी माझं टेबल शोधलं. त्याच्या खाली भावाच्या अक्षरात होतं: ‘दादाचा हिशेब तपासला. बरोबर आहे.’ आणि त्याच्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी, मला अनोळखी अक्षरात: ‘हिशेब सहाव्या विभागापर्यंतच खरा. सातव्यात बाई सूट दुरुस्त करते आणि आपले पॉइंट परत द्यायला लागते. शेवटचं दार दोघांशिवाय उघडत नाही. लिहिणाऱ्याने गेम पूर्ण खेळलेला नाही.’

“हे कुणी लिहिलंय?” मी विचारलं.

“कामोठ्याचा एक जण आहे.”

“आणि माझ्या भावाने हे बरोबर आहे म्हणून लिहिलं, तेव्हा तो कुठपर्यंत पोचला होता?”

“दादा, तुम्ही कामावर असायचात तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात गेम संपवला होता. आमच्या सगळ्यांच्या आधी. बाईला देत राहा, हे मला त्यानेच सांगितलं होतं.”

“मग त्या रविवारी तू का नाही बोललास?”

“बोलणार होतो. त्याने मला डोळ्याने गप्प केलं.”

मला समजतं की खेळ तो खेळ. खरी किडनी सातव्या विभागात परत मिळत नाही. ती दिली असती तरी तो किती जगला असता, याचा आकडा कुणाकडेच नाही, आणि मी तो मांडून बघितलेला नाही. पण टेबल चूक होतं. अपुऱ्या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष कंपनीत मी कुणाचाही मान्य केला नसता.

आमच्याकडे चूक खोडायचा नियम होता. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मास्तर समोर बसलेला असतानाच मी पेन घेतलं, माझ्या निष्कर्षावर रेघ मारली आणि सही केली. भावाच्या ओळीपाशी येऊन थांबलो. नियमाप्रमाणे ज्याची नोंद, त्यानेच ती खोडायची असते. ती तशीच आहे.

चहा घेऊन मास्तर निघाला. सीडी मी त्याला परत दिली. कागद ठेवून घेतला.